बखरीतून बोलीत : इतिहासातील माणसे आणि मराठी भाषा

नाशिकमध्ये एखाद्याचा आवाज फार मोठा असला की त्याला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात. हे नाव ज्याला मिळते त्याला, आणि जो ते देतो त्यालाही, नारो शंकर कोण होते याची चौकशी करण्याची गरज भासत नाही. घंटा मोठी आहे आणि तिचा नाद दूरवर जातो, एवढे त्यांना पुरते. सरदार नारो शंकर राजेबहाद्दर यांनी १७४७ साली पंचवटीच्या बाजूला, गोदावरीच्या काठी, रामेश्वराचे देऊळ बांधले. त्या देवळाच्या दरवाजावर ही घंटा आहे. तिच्यावर १७२१ हे इसवी सन कोरलेले आहे, कारण ती मुळात पोर्तुगीजांची. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची खूण म्हणून ती येथे आली असे सांगतात. वसईच्या स्वारीनंतर अशा घंटा महाराष्ट्रातल्या अनेक देवळांत गेल्या. वाईजवळच्या मेणवलीची घंटा त्यांतलीच. गोदावरीला पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले की गळ्याशी आले, याची जशी विचारपूस होते, तशीच नारोशंकराच्या घंटेपर्यंत ते पोहोचले काय, याचीही होते.

आता ज्यांच्या नावाने हे सारे चालते ते नारो शंकर केवळ देऊळ बांधणारे धनिक नव्हते. मालेगावचा भुईकोट किल्ला त्यांचा. झाशीची सुभेदारी त्यांनी केली आणि तेथला किल्ला वाढविला. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा ती सांभाळावयास दिली तीही यांच्याच हाती. एवढ्या कर्तृत्वाच्या माणसाचे बोलीत उरले काय, तर एक घंटा. आणि तीही परक्यांनी ओतलेली!

भाषेत माणसे कशी जाऊन बसतात आणि तेथे त्यांचे काय होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. पुराणातल्या माणसांविषयी मी फारसे बोलणार नाही. कर्ण, शकुनी, नारद, कुंभकर्ण, बिभीषण ही मंडळी आपल्या बोलण्यात इतकी मिसळलेली आहेत की त्यांची गणती करणे म्हणजे घरातल्या माणसांची शिरगणती करण्यासारखे आहे. शिवाय पुराणपुरुषांच्या बाबतीत न्याय-अन्यायाचा प्रश्न तितकासा उद्भवत नाही. पंचवटीत उभे राहून ‘लक्ष्मणरेषा’ हा शब्द उच्चारताना वाल्मीकींच्या रामायणात ही रेषा कोठे आढळत नाही असे कोणी सांगितले, तरी आपले काही अडत नाही. इतिहासातल्या माणसाची गोष्ट निराळी. तो खरोखर जगलेला असतो. त्याची पत्रे, हिशेब, सनदा कोठेतरी दप्तरात पडलेल्या असतात. आणि भाषा तर त्यातला एकही कागद न वाचता त्याच्यावर निकाल देऊन मोकळी होते.

हा प्रकार एकट्या मराठीचा नव्हे. अगदी दूरचे उदाहरण घ्यावयाचे तर व्हिएतनामचे घेता येईल. त्या देशाच्या उत्तर भागावर सुमारे हजार वर्षे चिनी सम्राटांची सत्ता होती. इसवी सन ९३८ मध्ये ती झुगारली गेली, तरी चिनी ग्रंथ आणि त्यांवरील सरकारी परीक्षा पुढे १९१९ सालापर्यंत चालूच राहिल्या. राज्य गेले, पण ग्रंथ राहिले. आणि ग्रंथांबरोबर त्यांतली माणसेही राहिली. चीनमधील त्साव त्साव हा सेनापती इसवी सन २२० मध्ये वारला. व्हिएतनामी लोक त्याला ‘ताव थाव’ म्हणतात. संशयी माणूस असला की तो ताव थावसारखा. ज्याच्याविषयी बोलावे तो दारात हजर झाला, तर ताव थावचे नाव काढले आणि ताव थाव आला. इतकेच नव्हे, तर पोट बिघडून माणसाची धावपळ होऊ लागली की त्याच्या पाठीस ताव थाव लागला, असे तेथे सर्रास म्हणतात. एका मोठ्या मुत्सद्द्याची याहून विटंबना ती काय व्हावयाची? जुन्या चिनी इतिहासकाराने या पुरुषाच्या कर्तबगारीची वाखाणणी केलेली आहे. त्याला खलनायक केले ते हजार-अकराशे वर्षांनंतरच्या ‘तीन राज्यां’च्या कादंबरीने आणि रंगभूमीने.

उलट प्रकारही तेथे आहे. सोळाव्या शतकात चीनच्या किनाऱ्यावर लूटमार करणारा एक दर्यावर्दी दरोडेखोर होता. न्गुयेन झू या व्हिएतनामी महाकवीने (१७६५–१८२०) आपल्या ‘कियू’ या काव्यात त्याला तू हाय या नावाने शूर, उदार, प्रेमळ असा नायक केले. त्याचा विश्वासघात होतो आणि तो उभ्याउभ्याच प्राण सोडतो. आज त्या भाषेत एखादा माणूस धक्का बसून जागच्या जागी थिजला, की तो ‘तू हायसारखा उभ्याने मेला’ म्हणतात. म्हणजे मुत्सद्द्याचा खलपुरुष झाला आणि दरोडेखोराचा वीर झाला. दोन्ही ठिकाणी निकाल इतिहासाने दिलेला नाही. गोष्ट सांगणाराने दिलेला आहे.

आपल्याकडेही परदेशची माणसे अशीच येऊन राहिली आहेत. आपण एखाद्या भजनाला, आमरसाला किंवा युक्तीला ‘अफलातून’ म्हणतो. हा अफलातून म्हणजे ग्रीसचा प्लेटो. अरबी भाषेत ‘प’ नाही, म्हणून त्याच्या नावाचा आरंभ ‘फ’कडे झुकला, अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्या बोलीत तो आला. येताना तत्त्वज्ञान वाटेतच राहिले. हिंदीत ‘अफलातून’ म्हटले की स्वतःला फार शहाणा समजणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मराठीत मात्र त्यात निखळ शाबासकी आहे. एकाच माणसाला शेजारच्या दोन भाषांनी दोन वेगळ्या खोल्यांत उतरविले. त्याचा नातशिष्य अलेक्झांडर हा ‘शिकंदर’ होऊन नशिबाच्या पदरी नोकरीला लागला : नशीब शिकंदर असले म्हणजे झाले. नादिरशहाने दिल्लीत कत्तल केली ती १७३९ साली, म्हणजे ज्या वर्षी वसई पडली त्याच वर्षी. त्याची ‘नादिरशाही’ झाली. हा शब्द वापरताना नादिरशहाला कोणी अन्याय करीत आहे असे मला वाटत नाही.

मात्र जेथे आपलीच माणसे येतात तेथे थोडे थांबून पाहावे लागते. मराठीत अशा शब्दांचा सर्वांत मोठा पुरवठा एका दिवसाने केला आहे. तो दिवस म्हणजे १४ जानेवारी १७६१. ‘पानिपत होणे’ म्हणजे पुरता नाश होणे. परीक्षेत, निवडणुकीत, धंद्यात, कोठेही ते होऊ शकते. गावाचे नाव येथे चक्क नपुंसकलिंगी सामान्यनाम झाले आहे. ‘भाऊगर्दी’ या शब्दातला भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ. आज लग्नमंडपातल्या रेटारेटीला किंवा एकाच जागेसाठी आलेल्या उमेदवारांच्या झुंडीला आपण भाऊगर्दी म्हणतो आणि त्यात कोणाचा तरी मोठा भाऊ आहे असे समजतो. आणि कोणी ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणाला, तर ‘विश्वास गेला पानिपतात!’ हे उत्तर तयार असते. वस्तुतः हा विश्वास म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव. पानिपतावर पडला तेव्हा त्याला विशीही धड उलटलेली नव्हती. एका तरुणाच्या मरणावर केलेली ही कोटी आहे. जिवंत दुःखावर अशी कोटी करण्याचे धाडस कोणाला व्हावयाचे नाही. ते दुःख आटल्यावरच ती जिभेवर येते आणि मग दोनशे वर्षे टिकते.

त्याच रणांगणावरचा आणखी एक शब्द पाहण्यासारखा आहे, तो म्हणजे ‘गारदी’. युरोपीय पद्धतीची कवायत शिकलेले पायदळ ते गारदी. पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने अखेरपर्यंत लढला, शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला. त्या दिवशी गारदी या शब्दाला निष्ठेखेरीज दुसरा अर्थ चिकटण्याचे काही कारण नव्हते. पण पुढे बाराच वर्षांनी पुण्याच्या शनिवारवाड्यात दुसऱ्या गारद्यांनी जे केले त्यामुळे या शब्दाचा अर्थच पालटला. आज गारदी म्हणजे मारेकरी. सुमेरसिंगाने इब्राहिमखानाचे नाव बुडविले असे म्हणावयास हरकत नाही.

शनिवारवाड्यातली ती गोष्ट सर्वांना पाठ आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, तरुण नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव यांनी पुतण्याला धरण्याचा हुकूम गारद्यांना दिला होता; त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी कागदावरच्या ‘धरावे’चे ‘मारावे’ केले; आणि मराठीला ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार मिळाला. रचनेच्या दृष्टीने हा वाक्प्रचार असामान्य आहे. त्यात ना व्यक्तीचे नाव, ना स्थळ, ना काळ. एक अक्षर जाऊन दुसरे आले, बस. छापखान्यात खिळा चुकला, कारकुनाने नक्कल करताना शब्द बदलला, साक्षीदाराने जबानी फिरविली, तरी ‘ध चा मा’ झाला. एका अक्षरावर माणसाचा जीव टांगलेला असतो, ही जाणीव इतक्या थोडक्यात सांगणारा दुसरा शब्दप्रयोग मला ठाऊक नाही.

पण पुराव्याचे काय? तो अक्षर बदललेला मूळ कागद इतिहाससंशोधकांच्या हाती लागलेला नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी या खुनाची चौकशी केली, आणि रघुनाथरावांना दोषी ठरवून पेशव्यांच्या गादीवर बसलेल्या माणसापुढे ते निर्भयपणे सांगितले, ही गोष्ट वेगळी; तिच्यामुळे भाषेला ‘रामशास्त्री बाणा’ मिळाला आणि तो यथार्थ आहे. अक्षर बदलल्याची कथा मात्र प्रामुख्याने सांगोवांगीतून आणि बखरींतून आलेली आहे. पुढे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ नाटकाने १९०९ नंतर रामशास्त्री, राघोबादादा आणि आनंदीबाई यांना रंगभूमीवर समोरासमोर उभे केले. चीनमध्ये जे काम कादंबरीने आणि नाटकमंडळ्यांनी केले तेच आपल्याकडे बखरीने, नाटकाने आणि शाळेतल्या धड्याने केले. आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होत्या, राजकारणात लक्ष घालणाऱ्या होत्या, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. त्यांना या कटाची माहिती असेलही. परंतु ‘असेलही’ आणि ‘केलेच’ यांत जे अंतर आहे ते एका अक्षराहून मोठे आहे. त्या अंतराचा विचार न करता आपण त्यांना दोषी ठरवितो, म्हणजे ज्या अपराधाबद्दल त्यांना नावे ठेवतो जवळजवळ तोच आपण करीत असतो.

आणखी एक गंमत पाहा. १७५८ साली रघुनाथराव फौज घेऊन पंजाबात उतरले आणि लाहोर घेतले. त्या मोहिमेत मराठ्यांचा अंमल सिंधू नदीवरच्या अटकेपर्यंत पोहोचला. त्यावरून ‘अटकेपार झेंडे लावणे’ हा प्रयोग रूढ झाला. आज आपला एखादा गायक किंवा डॉक्टर परदेशात नाव काढून आला की सत्काराच्या सभेत अटकेपार झेंडा हटकून फडकतो. त्या सभेत रघुनाथरावांचे नाव कोणी घेतो काय? पराक्रमाचा वाक्प्रचार सबंध मराठी लोकांचा झाला आणि त्यातून कर्ता निघून गेला. खुनाचा वाक्प्रचार मात्र त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या दारावर कायमचा टांगलेला राहिला. या एकाच माणसाच्या वाट्याला भाषेतल्या जमा आणि खर्च या दोन्ही बाजू आल्या. पण खतावणी लिहिणाराने जमेच्या बाजूला खातेदाराचे नाव घातलेच नाही.

इतरांविषयी थोडक्यात सांगतो. सूर्याजी पिसाळ हे नाव फितुराला पर्याय म्हणून चालते. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला, महाराणी येसूबाई आणि बाळ शाहू कैद झाले, ही घटना इतकी जिव्हारी लागणारी होती की कोणीतरी एक दोषी हवाच होता. वाईच्या देशमुखीसाठी झगडणारा हा माणूस त्या जागी नेमका बसला. त्याच्या दोषाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. पण म्हणीला एकमत लागत नाही. ‘संताजी-धनाजी पाण्यात दिसणे’ हा प्रयोग बखरकारांच्या कल्पनेचा असला तरी तो खोटा म्हणवत नाही, कारण त्या दोघांच्या धावत्या घोडदळाची मोगल छावणीतली धास्ती खरीच होती. साडेतीन शहाण्यांत सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि निजामाकडील विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, आणि नाना फडणवीस अर्धे. बुद्धी होती पण तलवार नव्हती, म्हणून अर्धे! त्यांतले पुरे ठरलेले तिघे आज कोणाला सांगता येत नाहीत. अर्धे ठरलेले नाना मात्र शाळकरी मुलालाही माहीत असतात. हे शहाणपणाचे कोष्टक कोणी मांडले कोण जाणे, त्याचा हिशेब चुकला खरा.

असे नामशब्द पुसट कसे होतात हेही येथे सांगितले पाहिजे. प्रथम गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि नाव केवळ उपमेसाठी येते. ‘हा दुसरा रामशास्त्री’ म्हटले की ऐकणाराच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहतो. मग नावाला प्रत्यय लागू लागतात, ‘शाही’ आणि ‘बाणा’ जोडले जातात. शेवटी नावाचे नाव राहत नाही, त्याचा नुसता शब्द होतो. अफलातून आणि भाऊगर्दी हे त्या टोकाला पोहोचले आहेत. त्यांना आता गोष्टीचा आधार लागत नाही. धोका आहे तो मधल्या पायरीवरच्या शब्दांना. ज्या मुलाने बखरीतली गोष्ट ऐकलेली नाही त्याला ‘ध चा मा’ हे कोडे वाटते; तो ते वापरीत नाही, आणि न वापरलेला वाक्प्रचार दोन पिढ्यांत मरतो. शब्दकोशात त्याचा अर्थ सापडेल, परंतु ‘ध’ आणि ‘मा’ यांच्यामध्ये उभा असलेला तो अठरा वर्षांचा मुलगा कोशात सापडावयाचा नाही.

नाशिककरांना ही गोष्ट कोशात शोधण्याचीही आवश्यकता नाही. पुण्याच्या कारभाराशी बिनसल्यावर रघुनाथराव नाशिकपासून जवळच, गोदाकाठच्या चौंढस गावी येऊन राहत. पत्नीच्या नावावरून त्यांनी त्या गावाचे नाव आनंदवल्ली असे ठेविले. १७८३ साली कोपरगावास त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या कुटुंबाला आनंदवल्लीस आणून ठेवण्यात आले आणि १७९४ साली आनंदीबाई तेथेच वारल्या. आज हे गाव शहरात मिसळून गेले आहे. लोक पत्ता सांगताना ‘आनंदवल्ली’ असे सहज म्हणतात. त्या नावात आरोप नाही.

आणि त्याच रस्त्याने पुढे गेले की गंगापूर लागते. नानासाहेबांच्या पत्नी गोपिकाबाई माधवरावांच्या कारकिर्दीत पुणे सोडून येथे येऊन राहिल्या. थोरला मुलगा विश्वासराव १७६१ साली पानिपतावर पडला. मधले माधवराव १७७२ साली थेऊरला क्षयाने गेले. धाकट्या नारायणरावांचा १७७३ साली खून झाला. तिन्ही मुलगे गेल्यावरही या बाईंनी पुण्याच्या कारभाराशी पत्रव्यवहार ठेविला आणि नातू सवाई माधवराव मोठा होऊ लागला तेव्हा पेशव्याने दिवसभर कसे वागावे याची कलमे लिहून त्याला पाठविली. ज्या बाईने आपला मुलगा मारविला असे सारे पुणे म्हणत होते तिच्या नावाचे गाव गोपिकाबाईंच्या वाटेवर होते. त्यांच्या थोरल्या मुलावर मराठीने कोटी केली, धाकट्याच्या मरणाचा वाक्प्रचार केला. गोपिकाबाईंच्या नावाचा मात्र एकही शब्द मराठीत नाही.